कुरियरनं आलेली राख

माय,

परवा कुरियरवाला राख देऊन गेला. भांडी घासायची राख, कागदी पिशवीत, वर सुतळी बांधलेली. तुझ्या माघारी जन्मलेली माझी लेक हल्ली घरात काय यावं ते ठरवते. साबण, तेल, दात घासायचा ब्रश, सगळं मोबाईलवर पारखून घेते. कोणती कंपनी रिकामी बाटली परत नेते, कोणती नुसतं हिरवं पान छापून गंडवते, तिला तोंडपाठ. घासणी म्हणून वाळका दोडकासुद्धा विकत मागवला. मी हसले तर म्हणाली, "मम्मी, हसू नको. राखेनं घासलं की पाणी लई कमी लागतं." लातुरात नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मी पिशवी ठेवून घेतली. पण अंगावर काटा आला.

कारण हे तुझं बोलणं. लग्नानंतर मुखेडच्या एस.टी.नं माहेरी आले, ती भांड्यांच्या साबणाची वडी घेऊन, मोठ्या तोऱ्यात. तू ती नाकाला लावलीस आणि खेकसलीस, "फेस लई हाय. पर त्यो धुवायला पानी तुझा सासरा आनून देनार हाय का?" अजून डोळ्यांपुढं आहे, मी ओसरीवर रुसून बसले आहे, आणि तू चुलीतली तुराट्यांची राख जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळते आहेस. तुझे हात मनगटापर्यंत पांढरे झालेत.

तू जिथं डोळे मिटलेस तिथं बायकांनी तीच राख पसरली, दिवा लावला, वर दुरडी झाकली. गेलेला जीव पुढं ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल राखेत उमटतं म्हणतात, चिमणीचं, गाईचं, कुणाचंही. सकाळी चुलतीनं दुरडी उचलली. काहीच नव्हतं. चुलती हळूच म्हणाली, "गेली न्हाई बया. हितंच घुटमळून राहिली." पुढं गॅस आला, भावानं चूल मोडून फरशी बसवली. तेव्हापासून मला एकच घोर आहे, माय, की चूलच नाही तर तू घुटमळतेस कुठं? भर दुपारी पातेलं वाजलं तरी मी "कोण?" म्हणून विचारते.

परवा लेक कॉलेजला गेल्यावर मी ती पिशवी फोडली. परातीत राख पसरली, हातानं सारखी केली, दुरडी झाकली. दिवा लावायचं धाडस झालं नाही. पलंगावर पडून राहिले, पण डोळा कसला लागतो. मी उठायच्या आत लेक आली आणि तिनंच दुरडी उचलली. राख कोरी होती. "हे काय गं?" म्हणाली. मी थाप मारली, "ओल धरली का बघून राहिले." तिनं चार बोटं राखेत टेकवली, चिमूट उचलून अंगठ्यानं चोळली, नाक मुरडलं. "जाड हाय. गाळून घ्यावी लागंल."

राख गाळायची असते हे तिला कुणी सांगितलं? मी तर कधीच नाही. राखेत तिची बोटं उमटलेली होती, मी त्यावर परत दुरडी झाकली. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

हे लिहिलं खरं, पण टाकू कुठं? शेजारच्या खोलीत ती झोपली आहे, तिच्या उशाशी ठेवू? नकोच. एवढंच सांगते, काल तिनं दूध उतू घालवलं, वर मलाच उलटून बोलली. एरवी मी सोडलं नसतं. काल तिला रागवायची माझी छातीच झाली नाही.