शटर खाली असताना

४ नोव्हेंबर
आजपासून शिस्त. रोज सहाला उठणे, रोज एक चित्र, रोज एक रील. (आज उठायला साडेदहा झाले, पण ते कालच्या खात्यात.)
भावजींनी त्यांच्या गोडाऊनमध्ये माझ्यासाठी शब्द टाकलाय. एक तारखेपासून पॅकिंगला, सकाळची पाळी. ताईला स्पष्ट सांगितलं, महिनाभरात पेजवरून चित्राचं एक तरी काम मिळालं नाही, तर मुकाट्याने जाईन. ती म्हणाली, गिटारच्या वेळीही ‘मुकाट्याने’च म्हणाला होतास. भावजी म्हणाले, राहू दे गं, बघू दे त्याला करून. माणूस चांगला आहे. फक्त दृष्टी नाही.

७ नोव्हेंबर
पेजचं नाव अखेर ठरलं: ‘भटका ब्रश’. अशा गोष्टीत घाई करून चालत नाही. फॉलोअर मोजके, पण दर्दी. ताई, तिच्या दोन मैत्रिणी आणि माझंच जुनं अकाउंट.

११ नोव्हेंबर
जबरदस्त आयडिया! कोपऱ्यावरच्या सलूनचं शटर फुकट रंगवून द्यायचं, खाली पेजचं नाव. लोक थांबणार, फोटो काढणार, टॅग करणार. सलूनवाले काका म्हणाले, कंगवा आणि कात्री काढ. मी म्हटलं, सिंह काढतो, अर्धी आयाळ विंचरलेली. म्हणाले, काढ बाबा, गिऱ्हाईक पळालं नाही म्हणजे झालं.

१४ नोव्हेंबर
सलूनला सुट्टी. एका दिवसात सिंह उभा! अर्धा दिवस रीलसाठी चांगला अँगल शोधण्यात गेला, त्यामुळे पंजे जरा भरभर केले. संपेपर्यंत अंधारलं, नीट बघता आलं नाही. पण झकास झालंय. कलाकाराला आतून कळतं.

१५ नोव्हेंबर, दुपार
लोकांची गर्दी बघायला गेलो. सलून उघडं. शटर वर गुंडाळलेलं. सिंह आत.
सकाळी आठला वर जातो, रात्री दहाला खाली येतो म्हणे. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर
काकांना पटवून शटर अर्ध्यावर ठेवायला लावलं. मुंडकं गुंडाळीत, खाली नुसते पंजे आणि ‘भटका ब्रश’. गिऱ्हाइकं वाकून आत येत होती. एकाने हळूच विचारलं, घरात कुणी गेलं का? काकांनी शटर धाडकन वर केलं आणि मला म्हणाले, तू घरी जा बघू.

२० नोव्हेंबर
भावजी जेवताना म्हणाले, पाळीला जाताना रोज बघतो तुझा सिंह. मस्त आहे, फक्त डावा पंजा मोठा झालाय. मी हसून सोडून दिलं. खोकी मोजणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

२३ नोव्हेंबर
मेसेज आला!! एक बेकरीवाले. पहाटे भट्टी लावायला जाताना सिंह दिसला. ‘आमची भिंत रंगवायची आहे. उद्या याल का?’
लगेच उत्तर द्यायचं नाही. भाव कमी होतो, असं एका व्हिडिओत बघितलंय. आधी पोस्ट टाकली: ‘मोठा प्रोजेक्ट येतोय.’ ताईने विचारलं, होय म्हणालास ना त्यांना? तिला बिझनेस समजावण्यात तास गेला.

२५ नोव्हेंबर
बेकरीवाल्यांनी दोन प्रश्नचिन्हं पाठवलीत. मासा गळाला लागला. उत्तरासोबत द्यायला लोगो करतोय. ब्रशला पंख द्यावेत की पाय?

२८ नोव्हेंबर
पाय दिले. उत्तर पाठवलं: ‘पुढच्या आठवड्यात एक स्लॉट मोकळा आहे.’
पाच मिनिटांत त्यांचं आलं: ‘राहू द्या. पांढरा रंग मारून घेतला.’

३० नोव्हेंबर
ताईने डबा घासून ठेवलाय माझ्यासाठी. गिटारच्या वेळी बोलली तरी होती, ते बरं होतं. डबा घासून ठेवलाय माझ्यासाठी.

१ डिसेंबर
सहाला उठलो. (उठवलं.) नुकतं उजाडत होतं. कोपऱ्यावर भावजी थांबले आणि म्हणाले, बघ.
शटर खाली होतं. अख्खा सिंह. उजेडात मी तो पहिल्यांदाच बघत होतो. फोन काढला, तर स्टोरेज फुल, सगळी माझीच रील्स. पुसत बसलो तर भावजी म्हणाले, चल, पाळी लागेल.
डावा पंजा मोठा आहे.