आईच्या गुडघ्याला झेपेल अशी पायरी

तीर्थस्वरूप मामा, साष्टांग नमस्कार.

“ज्या बसमध्ये माझ्या बहिणीला धड चढता येत नाही, ती बस नव्हे, गच्ची!” हे तुम्ही बावीस वर्षांपूर्वी भर थांब्यावर ओरडला होतात. (कंडक्टरला वाटलं, त्यालाच बोललात. बिचाऱ्याने मान खाली घालून घंटी दिली.) ते वाक्य मी कारखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं आहे. तुमचा खोकला कसा आहे? मामीचं ऐकता का? ऐकत नसालच.

आमचा आणि तुमचा कारखाना एक झाल्याचं कानावर आलंच असेल. वरच्यांनी एका सहीत जमवलं, ते खाली आम्हाला आठ महिन्यांत जमत नाहीये; चहाची किटलीसुद्धा अजून वेगवेगळी आहे. नवी शहरी बस मात्र एकच करायची: चाकांवरची खालची चौकट, म्हणजे चासी, तुमची; वरचा सांगाडा आमचा. (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्या लेखी तो कारखाना तुमचाच.) आता गंमत अशी, की आमच्याकडे कागदावर बसचं तोंड डावीकडे काढतात आणि तुमच्याकडे उजवीकडे. जगातल्या सगळ्या बस आपल्याच दिशेने जातात, अशी दोघांचीही इतकी वर्षं खात्री. त्यामुळे मी काढलेला कागद तुमच्या माणसांनी आरशातल्यासारखा उलटवून घेतला, आणि पहिली बस उभी राहिली तेव्हा दार ड्रायव्हरच्या बाजूला, थेट वाहत्या रस्त्यात उघडलं! तुमचे फोरमन मलाच म्हणाले, “बाई, बसचं तोंड कुठे असतं, ठाऊक आहे का?” मी म्हटलं, “पुढे असतं. आणि दार उतरणारा माणूस जगेल अशा बाजूला.” मग सगळे कागद मी नव्याने काढले. दार जागेवर आलं.

पायरी मात्र अजून गुडघ्याच्या वर आहे. साहेब म्हणतात, “जुनीच चासी राहू द्या, लोकांना सवय आहे.” शुक्रवारी शेवटचं ठरणार. आई चार वर्षांत बसमध्ये चढलेली नाही. जाणारी बस खिडकीतून बघते आणि “छान गेली हो” म्हणते, पाहुणी गेल्यासारखं. ते ऐकल्यापासून मी हटायची नाही असं ठरवलंय. शेवटी भाची तुमचीच.

बाकी सर्व क्षेम. सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुमची,
धाकटी भाची

ता. क. सहज वगैरे काही नाही. खाली वाकवलेल्या चासीचं तुमचं ते आरेखन, जे बघून तेव्हाचे साहेब “ही बस आहे की घसरगुंडी?” म्हणून हसले होते, ते कपाटावरच्या तपकिरी वहीत आहे. मामीने सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

ता. क. दुसरा. ‘या वहीला कारखान्याचा वारा लागू देणार नाही,’ ही त्या हसण्यानंतरची तुमची शपथ मला पाठ आहे, आणि तुम्ही शब्द मोडत नाही हेही. तरी मामा, गुरुवारपर्यंत ती वही घेऊन तुम्ही स्वतः आमच्या फाटकाशी याल का?