पाण्याखालून चाललेला डोंगर

बाई,

मागच्या महिन्यात मी समुद्रात शिरलेले डोंगर पाहिले. दुबईत नोकरीला असलेली माझी मुलगी मला ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पावर घेऊन गेली होती. गवताची काडी नसलेले चुनखडीचे उंच कडे थेट पाण्यात उतरलेले, आणि दऱ्यादऱ्यांतून समुद्र पार आतपर्यंत घुसलेला. लाकडी बोट एका अरुंद खाडीतून चालली होती. समोर लहान लहान बेटं दिसली तशी मुलगी म्हणाली, "आई, ही डोंगरापासून तुटून पडली असतील का गं?" मी म्हणाले, "तुटली नाहीत. इथली जमीन हळूहळू खचत गेली, दऱ्यांत पाणी भरलं. माथी तेवढी वर राहिली." ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि मला फार बरं वाटलं.

बोरीच्या शाळेत तुम्ही मला विचारलं होतं, बेट म्हणजे काय. मी पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. "आणि खाली काय असतंय?" "पाणी." "मग ते तरंगायलंय व्हय गं?" वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. "पाठ केलंस, बघितलं न्हाईस," एवढंच म्हणालात आणि येलदरी धरणाची सहल ठरवली. आई मला पाठवायला राजी नव्हती; धाकटा मामा नदीत बुडून गेलेला. संध्याकाळी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसलात. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "बाई, मला पाण्याचं लय भ्या वाटतं." तुम्ही म्हणालात, "मलाबी वाटतं. पर मी तिचा हात सोडायची न्हाई."

सहलीच्या दिवशी धरणाच्या काठावर आपण उभ्या आहोत. टेकडीची एक सोंड जलाशयात शिरलीय, पुढं थोड्या अंतरावर एक बेट. साडी खोचून, माझा हात घट्ट धरून तुम्ही घोटाभर पाण्यात उतरता. "पायानं बघ." तळव्याला दगडमाती लागते, टेकडी तशीच उतरत खाली चाललेली. "ती तिकडं त्या बेटावर जाऊन निघती. मधली दरी बुडाली, एवढंच." माझा हात न सोडता तुम्ही आणखी एक पाऊल पुढं टाकता.

बोटीतून उतरताना मुलीनं विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?" सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. शाळेत तुम्ही एकट्याच बाई होता, त्यामुळं 'बाई'शिवाय वेगळं काही म्हणायची कुणाला गरजच पडली नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही.