तारेतले न वाचलेले शब्द

टेमघर, भिवंडी
८ डिसेंबर

प्रिय तुळजा,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण त्यापायी नवा कागद घ्यावा एवढी तुझी पत माझ्याकडे आता राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात तुझ्या धाकट्या भावाच्या मुलानं, भाविकनं, माझ्या मोबाइलवर तेवीस फोटो पाठवले. तुझ्या दादाची, केसरीनाथची, लोखंडी ट्रंक त्यानं उघडली म्हणे. सोळा तारखेला काल्हेरच्या रस्त्यावर, दोन गोदामांच्या मधे, केसरीच्या नावाची कमान उभी राहणार आहे, तिथे हे कागद फ्रेम करून मांडायचेत. कोणते मांडू, असं तो मला विचारतोय. पोरगा गुणी आहे, त्याचा काही दोष नाही. पण कमानीवर काय कोरणार आहेत ते तुला ठाऊक आहे ना? 'ज्यांची वाग्दत्त वधू आजही त्यांची वाट पाहत आहे.' मला स्टेजवर बसवून शाल-नारळ देणार. अगं, बहात्तर वर्षांची बाई मी, वाट बघते ती सकाळी नळाला पाणी येण्याची आणि गुडघ्याच्या डॉक्टरची. आणि हे वाक्य सुचवलं कोणी, तर तू! भाविक मोठ्या कौतुकानं सांगत होता, बोलता बोलता आत्याला रडूच आलं. तुला रडू आलं. वा, तुळजा.

त्या तेवीस फोटोंत एक टाइप केलेलं इंग्रजी पत्र आहे. दोन पानी, जानेवारी बहात्तरचं, केसरीच्या तुकडीतल्या मोठ्या साहेबांचं. बालवाडीतली पोरं सांभाळता सांभाळता मी पुढे बाहेरून मॅट्रिक झाले, तेवढ्या इंग्रजीवर आणि शब्दकोशावर दोन दिवस काढून ते वाचलं. पत्र घडीवर फाटलंय. म्हणजे ते एकदा नाही, पुष्कळदा उघडलं गेलंय. आणि त्या घरात इंग्रजी वाचणारं माणूस तेव्हा एकच होतं. माझं आयुष्य परत दे म्हणून मी हे लिहीत नाही, त्याला आता उशीर झाला. पण एक माणूस असा आहे की ज्याला तुझ्या तोंडून एक खरं वाक्य ऐकायचंय. त्याच्याकडे मी येतेच. आधी तू सगळं ऐकून घे. मी चोपन्न वर्षं तुझं ऐकलं.

भाविकनं भाषण लिहून आणलं होतं. त्यात केसरी जन्मतःच शूरवीर आहे. मला हसू आवरेना. बापाच्या होडीत बसला की ओकाऱ्या काढणारा मुलगा तो! खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला पहिला, पण होडीत बसायचं म्हटलं की पोटात दुखायचं. चपला हातात घेऊन बांधाबांधानं भिवंडीच्या शाळेत जायचा, गणितात सगळ्यांच्या पुढे. ठाण्याला कॉलेजात गेला आणि तिथून थेट विमानदलात. तुमच्या आईंना, जानकीबाईंना, विमान म्हणजे एसटीसारखं काहीतरी वाटायचं. 'तू डायवर, मंग कंडक्टर कोन?' असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि केसरीनं न हसता सांगितलं होतं, 'हाय ना, तो पुढं पोटावर झोपून नकाशा बघतो.' त्याच्या बॉम्बफेकी विमानात खरंच तसंच होतं. तुला तो दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायचा आणि तू इंग्रजीतच उत्तर द्यायचं, अशी सक्ती होती. घरात एकाला तरी सायबाचे कागद वाचता आले पाहिजेत, म्हणायचा. मला मात्र मराठीत. साखरपुड्यानंतर चारच पत्रं आली. एकात लिहिलं होतं, 'सराव करताना खाली फक्त आखलेला पांढरा गोल असतो. खरी वेळ आली की खाली कोण आहे ते दिसणार नाही. ते बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.' हे पत्र भाविकला देऊ का कमानीवर कोरायला? नाही चालायचं त्याला.

तार आली तेव्हा मी तुमच्याच खळ्यावर होते. भाताची झोडणी चालू होती, हात कमी पडत होते म्हणून आईंनी मला कशेळीहून बोलावून घेतलं होतं. तारवाला सायकल टेकवून म्हणाला, शिकलेलं कोन हाय? तू सोळा वर्षांची, अंगावर पेंढ्याचा कचरा, परकराला हात पुसून पुढे झालीस. तू खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिलीस. मला तेव्हा वाटलं, इंग्रजी अवघड असेल. मग म्हणालीस, 'दादा हरवलाय. शोधतायत.' आईंनी विचारलं, 'हरवलाय ना? मेला न्हाय ना?' आणि तू मान हलवून म्हणालीस, 'न्हाय.' आईंनी तो कागद तुझ्या हातून घेतला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. पुढे त्या रोज त्याला हळदकुंकू वाहायच्या. तुमच्याकडे आले की मीही वाहिलंय.

मग ते पत्र आलं आणि तू ते लपवलंस. ट्रंक आली तेव्हा म्हणालीस, दादा सुटून आल्यावर लागेल म्हणून सामान आधी पाठवलंय. सरकारी मनीऑर्डर आली तेव्हा म्हणालीस, पगार चालू हाय. युद्धकैदी सुटून आले, पेपरात नावांच्या याद्या आल्या, आई मला शेजारी बसवून तुझ्याकडून एकेक नाव वाचून घ्यायच्या. गावातला कोणी चुकून 'तो गेला' असं बोलला की आई फाडकन विचारायच्या, 'सरकार मेलेल्याला हरवला बोलल का?' मी साडेअठरा वर्षांची होते. माझ्यासाठी स्थळं आली की तुमच्या घरून निरोप यायचा, रूपा आमची हाय. आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, ही लाजेची गोष्ट.

आणि तिकडे साहेबांनी सगळं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पाच डिसेंबरच्या रात्री शत्रूच्या विमानतळावर बॉम्ब टाकून वळताना केसरीच्या विमानाला गोळा लागला. डावं इंजिन पेटलं. तसंच त्यानं ते समुद्रावर आणलं. वैमानिकाची खुर्ची बाहेर उडते, पण पुढे पोटावर झोपणाऱ्याला खुर्चीच नसते, त्याला सरपटत दारापर्यंत यावं लागतं. केसरी रेडिओवर म्हणाला, हा निघतोय, तोवर मी धरून ठेवतो. मागच्या विमानातल्यांनी बघितलं. बाहेर कोणीच पडलं नाही. विमान तसंच्या तसं समुद्रात गेलं. साहेब पुढे लिहितात, 'आपण आशा धरून बसावं असं मी होऊ देऊ शकत नाही, म्हणून हे लिहितो आहे.' आणि शेवटी लिहितात की त्यानं मेसच्या खानसाम्याला चिंबोऱ्यांचं कालवण शिकवलं होतं आणि आता ते कोणाला करावंसं वाटत नाही. हे वाचून मला आधी त्याचाच राग आला. अरे, मारायची होतीस उडी! मग माझी मलाच लाज वाटली. त्या दुसऱ्या पोराचीही कोणी रूपा असेल. पण हे रागावणं, ही लाज, हे रडणं मी अठराव्या वर्षी करायचं होतं, तुळजा. ते तू माझं काढून घेतलंस.

आता त्या माणसाकडे येते. शहात्तर साली मी निजामपुऱ्यात बालवाडीवर होते. तिथल्या तारघरात सुधीर नावाचे तारमास्तर होते, त्यांची भाची माझ्या वर्गात होती. रोज तिला सोडायला यायचे. आधी दारातूनच परत जायचे, मग दारात थांबून बोलायचे. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात काही ऐकू जायचं नाही, तरी आम्ही बोलायचो आणि हसायचो. मला ते आवडत होते. हे वाक्य मी आज जन्मात पहिल्यांदा लिहितेय. त्यांनी लग्नाचं विचारलं. जात वेगळी, घर वेगळं, तरी विचारलं. मी म्हटलं, मी बांधलेली आहे. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, 'ती तार मीच उतरवून घेतली होती. बेपत्ता, ठार झाल्याचं मानण्यात येत आहे, असे शब्द होते.' तारेतलं बाहेर सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी. तरी माझ्यासाठी सांगितलं.

मी तडक काल्हेरला तुमच्याकडे आले. आठवतंय? तू बाळंतपणाला माहेरी आली होतीस. मी सरळ देव्हाऱ्यासमोर गेले आणि त्या कागदाला हात घालणार, तेवढ्यात तू बाळाला घेऊन मागे येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, 'वयनी, माझ्यावर इश्वास न्हाय तुझा?' बस, एवढंच. मी हात मागे घेतला. त्या दिवशी तो कागद उचलून मी कोणालाही वाचायला दिला असता तर! ती चूक माझी, ती मी तुझ्या माथी मारत नाही. घरी जाऊन मी भावांना सांगितलं की लग्नासाठी हा माणूस जिवंत माणसाला मेलेला म्हणतो. हेही मीच सांगितलं. माझे दोघे भाऊ आणि तुमचे तिघे चुलते जाऊन आग्रा रोडला उभे राहिले आणि सुधीर सायकलवरून येताना त्यांना खाली पाडून बडवलं. पंधरा दिवसांत ते बदली मागून गेले. आणि तुझा निरोप आला, 'वयनी, लोकांच्या नादाला लागू नको.'

ऐक, तुळजा. खळ्यावरचं जे होतं, त्याचा राग मी धरत नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं आईच्या तोंडाकडे बघून दोन-तीन शब्द गिळले, मीही कदाचित गिळले असते. साहेबांचं पत्र लपवलंस, तेही समजू शकते. एकदा बोललेलं मागे घ्यायला जीभ वळत नाही. पण शहात्तरला तू एकवीस वर्षांची होतीस. मांडीवर स्वतःचं मूल होतं. तू खरं बोलली असतीस तर आई कोसळल्या असत्या, हो. पण तो माणूस वाचला असता, आणि मीही. तुला फक्त गप्प राहायचं होतं आणि मला कागद उचलू द्यायचा होता. तेवढंही तुझ्यानं झालं नाही. आणि आज माझं वाट बघणं दगडात कोरायला निघालीस! ते वाक्य कमानीवर दिसलं तर मी स्टेजवर येईन, शाल घेईन आणि माइकही घेईन. भाविकला मी अजून काही सांगितलेलं नाही.

काल मी निजामपुऱ्यात सुधीरना भेटून आले. बायको वारली, मुलीकडे, रुचिराकडे असतात. एकोणऐंशी पूर्ण झाली. मी हात जोडले, म्हटलं, तुम्ही खरं बोलला होता. साहेबांच्या पत्राचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'ते पत्र नंतरचं. त्या महिन्यात तारा फार येत होत्या, रूपाताई. मार खाल्ल्यावर मीच विचार करायला लागलो. दुसऱ्या कोणाची तार मी तुमच्या नावावर धरली असेल. जिवंत माणसाला मी मेलेला म्हटलं, त्याची शिक्षा झाली, असं धरूनच मी आजवर जगलो. तुम्ही माझं मन राखायला बोलताय.' मी कितीही सांगितलं तरी ऐकेनात. म्हणाले, तार मी लिहिली आणि त्या मुलीनं वाचली, बाकी कोणाला काय माहीत? तुळजा, आई गेल्यावर देव्हाऱ्यातला तो कागद तू नेलास. असेल तर घेऊन ये. जाळला असशील तर तशीच ये. रविवारी सकाळी दहाला मी रुचिराच्या बिल्डिंगखाली उभी असेन. माझी माफी मागू नकोस, मला ती नको. वर जायचं आणि तारेत काय होतं ते त्यांना अक्षरन् अक्षर सांगायचं. बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं त्यांना तेव्हापासून ऐकू येत नाही.

तुझीच,
रूपा