बाबांचं वल्हं

मॅनिटूलिन बेट, कॅनडा
१४ जून १९७८

चि. अल्फोन्स यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. मासे बरे लागतायत, आईचे गुडघे कुरकुरतायत. झाली खुशाली. आता ऐक.

साळिंदरावर गोळी झाडायला कुणी सांगितलं होतं रे तुला? "बाबांचं वल्हं कुरतडत होतं, उडवलं!" असं छाती फुगवून माझ्या कानाशी सांगितलंस, मोटारबोट सुरू केलीस आणि गेलास. अरे शहाण्या, ते वल्हं पाइनखाली आईनेच ठेवलं होतं! बाबांच्या हातांचा घाम मुरलाय त्याच्या मुठीत. हिवाळाभर झाडाची साल खाल्लेलं जनावर मिठासाठी काहीही कुरतडतं. मिठाच्या ओढीने ते खाली उतरलं की आई त्याच्यावर जुनी घोंगडी टाकायची. घोंगडीत रुतलेले काटे काढून घ्यायची आणि त्याला परत झाडावर जाऊ द्यायची. तुला कसं ठाऊक असणार? घरी दोन घास खायला येतोस, तेही घड्याळ बघत.

तुझ्याच लेकीच्या, थेरेसच्या लग्नासाठी ती भूर्जाच्या सालीची डबी करतेय. झाकणावर साळिंदराच्या काट्यांनी भरायचं फूल अर्धं राहिलंय. मेलेल्याचे काटे घे म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली, "हात लावू नकोस त्यांना!" सगळं पाइनखाली पुरलं तिने.

आईला मी सांगितलं, कुणीतरी शिकारी आला असेल. तुझं नाव घेतलं नाही. तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

मादी होती रे ती! वर्षाला एकच पिल्लू होतं त्यांना. दिवसा मादी वर फांदीवर झोपते, पिल्लू खाली झुडपात दडून राहतं. त्याच संध्याकाळी ते बुंध्याभोवती फिरत होतं, तान्ह्या बाळासारखं कण्हत. मला ऐकवेना. आता कोवळा पाला खातंय, आणि आई रोज त्याच्यापुढे वल्हं ठेवते.

काल मी वैतागून म्हटलं, "अगं, बाबांचं वल्हं संपत आलं!"

ती घोंगडी झटकत म्हणाली, "मग अल्फोन्सला लिही. त्याचं घेऊन ये म्हणावं."

मी तिला तुझं नाव सांगितलं नव्हतं, अल्फोन्स.

तर ये. आणि वल्हवत ये, सगळं तळं. मोटार लावून आलास तर मुठीला मीठ लागायचं नाही, आणि ते पोरकं पिल्लू तुझ्या वल्ह्याला तोंड लावणार नाही.

अजून तरी तुझीच बहीण,
जोझेट