ह्यांच्या मनगटावर तुमच्या ह्यांचं घड्याळ

सौ. विहीणबाई यांना,

सप्रेम नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण एकदा खाली गेलेली मी पुन्हा वर येईन याची हमी गुडघे देत नाहीत, तेव्हा सप्रेमवरच भागवून घ्या.) तुमची तब्येत उत्तम असेल, कंबर फार कुरकुरत नसेल, आणि व्याहीबुवांची साखर आणि जीभ दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. आमच्याकडे सगळे खुशाल. म्हणजे मी खुशाल. हे खुशाल नाहीत, आणि ते दिवसभर माझ्यासमोर बसून खुशाल नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. तुमचा फोन बादलीत पडलाय. (बादलीतच. आपलं तसंच ठरलंय.) म्हणजे तुमच्याशी बोलायचं तर व्याहीबुवांच्या फोनवर, आणि ते तो स्पीकरवर टाकून हातभर लांब धरतात आणि 'कोण बोलतंय?' म्हणून ओरडतात. परवा मी नुसतं 'अहो, मी' म्हटलं तर तुमच्या शेजारणीने खिडकीतून माझी तब्येत विचारली. अशा फोनवर काय कप्पाळ मनातलं बोलायचं? म्हणून हे पत्र विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या गुंड्याखाली घालून तुमच्या लेकीबरोबर पाठवतेय. (तुमची लेक म्हणजे आमची सून. दुधाचं भांडं करपवलं की ती तुमची लेक असते, बाकी वेळ आमची सून. आज ती आमची सून आहे.) विणकामाच्या पिशवीत पुरुष हात घालत नाहीत, तेवढा माझा त्यांच्या आळसावर विश्वास आहे.

आता मुद्द्यावर येते. मुलांनी हौसेने दोन्ही बापांना घड्याळं दिली ना, तिथेच घोळ झाला. अहो, द्यायची तर दोघांना एकसारखी द्यावीत! एका व्याह्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं दिल्यावर ते वेळ बघणार आहेत की एकमेकांचं मनगट? आमच्या ह्यांना दिलं गोल्फचं घड्याळ. ते एकच काम करतं. उभे असाल तिथून झेंड्याभोवतीच्या हिरवळीची अलीकडची कड किती, मध्य किती, पलीकडची कड किती, वाळूचा खड्डा कुठे आणि तळं कुठे, ते सांगतं. शिवाय तुम्ही किती फटके मारलेत ते मुकाट मोजून ठेवतं. फोन नाही, निरोप नाही, तुमच्या प्रकृतीची चौकशी नाही. मालक तिथेच आडवा झाला तरी ते झेंडा किती लांब एवढंच सांगेल. आणि ह्यांना नेमकं हेच आवडतं, कारण ह्यांचा जन्म गेला वजनमापे खात्यात. आजही वाण्याकडे गेले की तराजूचं पारडं उचलून खाली काय चिकटवलंय ते बघतात. (वाणी मला ओळख दाखवत नाही, ती ह्यामुळेच.)

तुमच्या ह्यांना मात्र दिलं ते स्मार्ट का काय म्हणतात ते. त्याला सगळं येतं. नाडी बघतं, झोप बघतं, पाऊस येणार का सांगतं, फोन घेतं, बसून राहिलात की उठवतं. त्यात गोल्फही आहे, पण चाळीस कामांतलं एक. व्याहीबुवांनी उभी हयात औषधांच्या दुकानात काढली, त्यांना नाडी दिसल्याशिवाय करमत नाही. लग्नात वरमाला हातात घेतलेल्या आमच्या मुलाला 'जीभ दाखव' म्हणणारे ते! त्यामुळे गेले कित्येक महिने यांचा वाद एकच. हे म्हणतात, ज्याला सगळं येतं त्याला काहीच धड येत नाही. व्याहीबुवा म्हणतात, ज्याला एकच येतं ते घड्याळ नव्हे, फूटपट्टी. मला विचाराल तर दोन्ही घड्याळं सारखीच गुणी, कारण दोन्ही दर रविवारी सकाळी नवऱ्याला घेऊन घराबाहेर जात. ते तिकडे काठ्या फिरवत आणि आपण दोघी आपल्या विणकामाच्या क्लासला. साऱ्या आठवड्यात माझे म्हणावेत असे तेवढेच तास होते, विहीणबाई, आणि आता त्यांच्यावरच गदा आलीय.

गेल्या रविवारी तिथे नक्की काय झालं ते मी ह्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच खेळून आल्यासारखं वाटतं. तुम्ही व्याहीबुवांची बाजू ऐकली असेल, तेव्हा दोन्हींतलं खोटं वजा करून सांगते. वादाचा निकाल लावायचा म्हणून दोघांनी ठरवलं की एक दिवस घड्याळं बदलून खेळायचं. ह्यांचं त्यांच्या मनगटावर, त्यांचं ह्यांच्या. कल्पना कुणाची यावर एकमत नाही. (सुरळीत पार पडलं असतं तर दोघांची असती.)

तुमचं घड्याळ हातात आल्यापासून ह्यांचं डोकं फिरायला सुरुवात झाली. हे हिरवळीवर उकिडवे बसून, एक डोळा मिटून चेंडूची रेषा बघतायत, तर ते थरथरून म्हणतं, बराच वेळ बसलात, आता उठा. हे उठले. चेंडूपाशी श्वास रोखून उभे राहिले, तर ते म्हणतं, एक मिनिट दीर्घ श्वास घ्या. ह्यांनी त्याला तोंडावर सांगितलं की मी श्वास घेतोय, तू तुझं बघ. मागे खेळणारी मंडळी खोळंबलेली, ती बघतायत की हा गृहस्थ मनगटाशी भांडतोय. अशा अवस्थेत वीतभर अंतरावरून चेंडू भोकात जायचा तो गेला नाही. ह्यांनी चिडून काठी आपटली जमिनीवर. झालं! घड्याळाला वाटलं माणूस कोसळला. आपण जोरात पडलेले दिसता, म्हणालं. हे म्हणाले, मी पडलेलो नाही. पण ते तोंडाने सांगून त्याला पुरत नाही, कुठेसं दाबावं लागतं, आणि कुठे ते ह्यांना ठाऊक नाही. व्याहीबुवा मदतीला यावेत, तर ते तेव्हा वाळूच्या खड्ड्यात कंबरभर खाली उभे राहून वाळू उडवत होते. मग भोंगा वाजायला लागला, आणि भोंग्यानंतर व्याहीबुवांच्या पिशवीतल्या फोनवरून आपोआप फोन लागला तो 'संकटात कळवायची व्यक्ती' म्हणून नोंदवलेल्या माणसाला. म्हणजे तुम्हाला. पुढे तुमचा फोन बादलीत कसा पडला ते तुम्ही जाणता आणि मी जाणते.

इथवर झालं असतं तरी निभावलं असतं हो. खेळ संपल्यावर दोघं चहाला बसले आणि एकमेकांचा हिशेब वाचायला घेतला. ह्यांनी व्याहीबुवांच्या मनगटावरचं आपलं घड्याळ बघितलं. वाळूच्या खड्ड्यातले फटके नऊ. व्याहीबुवांनी सांगितले होते पाच. आता माणसाने गप्प बसावं की नाही? मुलाचे सासरे आहेत, खड्डा कमरेएवढा होता, चार फटके म्हणजे काही चोरी नव्हे. पण हे वजनमापेवाले! ह्यांनी चार लोकांत मनगट धरून वर केलं आणि 'नऊ' म्हणून दाखवलं. व्याहीबुवा शांतपणे म्हणाले, बरं. आणि खिशातून फोन काढून ह्यांच्या नाडीचा आलेख उघडला. औषधवाल्याचे डोळे ते! म्हणाले, बाकी सकाळभर नाडी ठीक आहे, पण जेव्हा जेव्हा माझा चेंडू झेंड्याजवळ पडलाय तेव्हा तेव्हा ही बघा कशी उडी मारलीय. तोंडाने मात्र तुम्ही 'वा, छान' म्हणत होतात.

एक लबाड ठरला आणि दुसरा मत्सरी. खरं सांगू? दोन्ही घड्याळं खरंच बोलली, आणि त्याचाच दोघांना राग आला. मग आवाज चढले, चहा वाया गेला, आणि दोघं दोन दरवाजांनी बाहेर पडले. आधी पट्टा कोण सोडणार यावर अडून बसल्यामुळे घड्याळं चुकीच्या मनगटांवर चुकीच्या घरी गेली. तिथेच अडकलीयत.

तेव्हापासून हे घरी आहेत. विहीणबाई, नुसतं घरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या मसाल्यांच्या डब्यांना ह्यांनी वजनाच्या चिठ्ठ्या लावल्या. इस्त्रीवाल्याशी टॉवेलच्या रुंदीवरून वाजलं, टॉवेल आटला म्हणून. तुमचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी मरून पडलं (त्याला रोज चार्ज लागतो आणि चार्जर तुमच्याकडे), तरी मनगटावरून उतरवत नाहीत. मेलेल्या घड्याळाकडे तासातासाला बघतात. काल मी मुद्दामच विचारलं, किती वाजले? तर भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलं.

सूनबाई सांगत होती की तुमच्याकडेही तीच तऱ्हा आहे. व्याहीबुवांनीही आमचं घड्याळ उतरवलेलं नाही. खेळ संपल्याचं बटण कुणी दाबलंच नाही, त्यामुळे ते अजून फटके मोजतंय (आमच्याला आठवडा आठवडा चार्ज लागत नाही), आणि व्याहीबुवांनी माश्या मारायला फडकं फिरवलं की आकडा एकाने वाढतो. ते सारखं विचारतं म्हणे, खेळ जतन करू का? व्याहीबुवा 'हो' म्हणत नाहीत, कारण मग नऊ कायमचे लागतील. 'नाही' म्हणायलाही मन होत नाही, कारण सातव्या झेंड्याला त्यांनी आयुष्यातला सगळ्यात देखणा फटका मारलाय आणि तोही त्यातच आहे. मला हे ऐकून भरून आलं. दोघंही एकमेकांच्या घड्याळाशिवाय राहू शकत नाहीत आणि एकमेकांशिवायही. पण सांगायचं कुणी?

असो. पत्र लांबलं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या कंबरेला शेक. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा, निदान रविवारपर्यंत तरी.

आपली,
विहीण

ता. क. : खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. रविवारी सकाळी व्याहीबुवांना सांगा की ते बटण फक्त मैदानात उभं राहूनच दाबता येतं. मी ह्यांना सांगते की तुमचा चार्जर मैदानाच्या कँटीनमध्ये राहिलाय. दोन्ही साफ खोटं आहे, पण दोघं समोरासमोर येतील. आल्यावर भांडले तरी चालेल, घराबाहेर भांडतील. आपल्याला तेवढे तास मिळाले म्हणजे झालं. तरणतलावाच्या शिट्टीवाल्या बाईंनी बजावलंय की या रविवारी आला नाहीत तर तुमची जागा दुसऱ्यांना देईन, आणि मी काही या वयात पुन्हा उथळ पाण्यात लहान पोरांबरोबर तोंडाने बुडबुडे काढायला उभी राहणार नाही. कुठे मला पहिल्यांदा पाण्याने उचललं होतं! पाय सुटले, गुडघे दुखायचे थांबले, आणि तेवढ्यात काठावरचा तुमचा फोन वाजला आणि घेता घेता 'बादलीत' पडला.

ता. क. २ : पिशवीतल्या स्वेटरची एक बाही आणखी झालीय. तलावाच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी आपल्या वतीने छान विणलीय, पण दुसरीपेक्षा थोडी लांब आहे. रविवारी पिशवी परत आणाल तेव्हा ती ह्यांच्या पट्टीखाली येऊ देऊ नका.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना हे मागे येऊन उभे राहिले. मी लोकरीखाली लपवलं, तर म्हणाले, विणकामाने केसांना क्लोरीनचा वास कसा येतो ते मला पहिल्या रविवारपासून कळलेलं नाही. मी गार! मग खिशातून तुमचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. दुकानात जाऊन चार्ज करून आणलंय. म्हणाले, हे पाण्यात चालतं, मी विचारून घेतलं, पोहताना हातात घाल म्हणजे किती पोहलीस ते कळेल. मी म्हटलं, अहो, पण ते परत करायला तुम्हाला व्याह्यांशी बोलावं लागेल. तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, बोलेन रविवारी. पाच म्हणेन.

ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला एक ग्रॅम सोडला नाही, विहीणबाई, त्याने माझ्या पोहण्यासाठी चार फटके सोडले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि चिठ्ठी लावलेला हळदीचा डबा जागेवर ठेवला.

तेव्हा वरची थाप मारू नका, गरज नाही. व्याहीबुवांना फक्त मैदानावर वेळेवर पाठवा. माझी पोहायची टोपी तुमच्याकडे राहिलीय ती आणा, आणि या खेपेला तुम्हीही तो काठाचा दांडा सोडा.