पुढचं कडवं म्हण

भाट्ये, रत्नागिरी
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. निलेश,

तुला, सौ. मृणालीला आणि छोट्या सानवीला अण्णांचे आशीर्वाद. इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण समुद्रापर्यंत नेतो आणि परतही आणतो. यंदा दिवाळी झाली तरी पाऊस निघायचं नाव घेत नव्हता. आता कुठे सकाळी गारवा वाटतो. कलमांना पालवी आली आहे, मोहराचं मात्र अजून काही सांगता येत नाही.

गेल्या गुरुवारी शेजारच्या काशीरामच्या फोनवरून मी मृणालीला फोन केला होता, ते तिनं तुला सांगितलंच असेल. "निलेश कुठे आहे?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "परवाच बोटीवरून आलेत अण्णा, झोपलेत. उठवू का?" मी म्हटलं, "नको, झोपू दे," आणि ठेवून दिला. पोरीला काय वाटलं असेल! त्याचा खुलासा करायला हे पत्र.

झालं असं की, गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा जनजागृती कार्यक्रमाची कार्यशाळा झाली. मी गेलो ते काशीरामच्या आग्रहानं, आणि थोडा चहा-बिस्किटांसाठी. शिकवायला मिरजोळ्याच्या दर्शनाताई होत्या. मृणालीच्याच वयाच्या असतील. बाकावर बसलो आणि मला आमची जांभ्या दगडाची शाळा दिसायला लागली. गुरुजी डोळे मिटून कविता म्हणतायत, खिडकीतून खारा वारा येतोय, पुस्तकाची पानं आपोआप उलटतायत...

"आजोबा, कुठे गेलात? पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही?"

मी दचकून खरं ते सांगून टाकलं. "बायकोचं नाव."

"अहो, चोरालाही पहिलं तेच सुचतं!"

सगळे हसले. काशीराम मागून ओरडला, "मथुरावयनी नाय आता ह्याला दटावायला. ताई, तुमीच दटावा!" मीही हसलो.

पण त्या पोरीनं शिकवलं मात्र मन लावून. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, पोलीस फोनवर अटक करत नाहीत, कुणी घाई केली की आपण मुद्दाम सावकाश व्हायचं. म्हणाल्या, "चोर आता कौलं काढून उतरत नाही. तुमच्याच माणसाचा आवाज घेऊन येतो." माणसाचं थोडंसं बोलणं मिळालं तरी यंत्र त्याचा हुबेहूब आवाज काढतं म्हणे. म्हणून घरच्यांनी आपसात खुणेचा एक शब्द ठरवून ठेवावा. संकटाचा फोन आला की आधी तो विचारायचा.

ताईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?" मी म्हटलं, "मुलगा पनवेलला असतो." "मग ठरवा की त्याच्याशी." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि गुरुवारी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. मी पेज पीत होतो. उचलला, तर तुझा आवाज.

तुझाच, निलेश. शब्दाच्या शेवटी जरा खाली उतरणारा. म्हणालास, म्हणजे तो म्हणाला, "मी निलेश. अपघात झालाय, समोरचा माणूस गंभीर आहे, पोलीस मला सोडत नाहीत. लगेच पैसे पाठवा, कुणाला सांगू नका." रडत होता. माझ्या हातातली वाटी कलंडली, पेज धोतरावर. बँकेचं पुस्तक कुठल्या खणात आहे तेही मला आठवेना.

मग ताईंचं सांगणं आठवलं. सावकाश व्हायचं. पण खुणेचा शब्द कुठे होता आपल्यात? मला आपलं सुचलं ते विचारलं. म्हटलं, "चौथीतली होडीची कविता म्हण."

मग त्यानं म्हटली. पहिलं कडवं, एकही शब्द न चुकता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि माझ्या पायाखालची जमीन परत जागेवर आली. कारण माझ्या निलेशला ती कविता कधीच आली नाही! तिसऱ्या ओळीवर तू अडायचास, "पुढं... पुढं..." करत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचास आणि तुझी आई आतून हळूच शब्द सरकवायची. मला ऐकू येत नाही असं तुम्हा दोघांना वाटायचं. तुला ती आईशिवाय येणंच शक्य नव्हतं.

तेवढ्यानं कळलं. मी फोन ठेवला आणि तडक काशीरामकडे गेलो. ऐकून तो कपाळावर हात मारत म्हणाला, "शाळंतली कविता गुपित म्हनून इचारलीस? साऱ्या महाराष्ट्राला पाठ हाय ती! घराची चावी एसटी स्टँडवर टांगून ठेवलीस की रे!" बरोबर आहे त्याचं. चोरानं ती कुठूनतरी मोबाईलवर काढून वाचली असणार. माझा प्रश्न चुकीचाच होता, पण बरोबर उत्तर देऊन चोरच फसला. मग काशीरामनं स्वतःचा फोन पुढे केला. "आधी पोराचा तपास कर." तो मृणालीला केलेला फोन हाच. नंतर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी मला घाबरट म्हातारा न समजता सगळं नीट ऐकून घेतलं. ज्या कुणी दिल्लीत बसून ठरवलं, की भाट्याच्या म्हाताऱ्यांनाही हे शिकवायला हवं, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. दर्शनाताईंना घरचे पोहे नेऊन दिले. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही माझे पहिल्या नंबरचे विद्यार्थी." या वयात पहिला नंबर! शाळेत कधी आला नव्हता.

आवाज कुठून मिळाला असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मुलगा बोटीवर कुक आहे, स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतो." "तुम्ही बघता का ते?" मी म्हटलं, "कधीमधी."

कधीमधी नाही रे. रोज बघतो. बांगड्याच्या तिखल्याचा तर पाठ झालाय. त्यात तू म्हणतोस, "ही माझ्या आईची पद्धत." तिथे तू जरा थांबतोस, मग कढई हलवतोस. आई गेली तेव्हा तू भर समुद्रात होतास. त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं. आधी कोण गप्प झालं ते आता राहू दे. पण व्हिडिओत तू सगळ्या जगाशी बोलतोस, आणि मी त्या जगात एका कोपऱ्यात बसून ऐकतो.

आणि आता जे ताईंनाही सांगितलं नाही, काशीरामलाही नाही, ते लिहितो.

मी फोन लगेच ठेवला नव्हता. चोर आहे हे कळलं होतं, खात्री झाली होती. तरी मी म्हटलं, "पुढचं कडवं म्हण."

त्यानं म्हटलं. मी म्हटलं, "आता त्याच्या पुढचं." तेही म्हटलं. तुझ्या आवाजात, निलेश. भिंतीला टेकून, डोळे मिटून मी ऐकत होतो. संपल्यावर तो वैतागून शिवी हासडून गेला, तीसुद्धा तुझ्याच आवाजात. मला राग आला नाही. तो लुटायला आला होता, पण किती दिवसांनी माझ्या घरात तू माझ्याशी बोललास!

हे चुकलं असेल. वर्गात असं करू नका म्हणूनच शिकवलं होतं.

तर आता मुद्द्याचं. आपल्यालाही खुणेचा शब्द ठरवायला हवा. पण त्याचा नियम कडक आहे, मी ताईंना दोनदा विचारून घेतला. तो फोनवर ठरवायचा नाही, मेसेज करायचा नाही, पत्रातही लिहायचा नाही. समोरासमोर बसून ठरवायचा. आणि तो ठरेपर्यंत नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायला मला सक्त मनाई आहे. तेव्हा तू फोन केलास, तरी तो तूच आहेस हे मी कशावरून मानू?

रजा आहे तोवर ये. मृणालीला आण, सानवीला आण. दारात आलास की मी काही विचारणार नाही.

तुझेच,
अण्णा